आवाज कुठून येतोय, ते आधी शोधा

प्रश्न : काका, मी इंदूरच्या सुदामानगरात राहते. गेल्या वर्षी अकरा वर्षं जुनी फोर बाय फोर जीप सेकंडहँड घेतली. तीन आठवड्यांनी बाबा, धाकटा भाऊ आणि मी भूजमार्गे धोळावीऱ्याला आणि रणाच्या काठाने फिरायला निघतोय. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकली की खालून ‘टक्’ असा आवाज येतो. साठच्या पुढे पायाखाली थरथर जाणवते. परवा कॉलनीत फोर व्हील टाकून बघितलं, तर लिव्हर परत निघेचना. मेकॅनिक म्हणतो, ऑइल बदलून देतो, बिनधास्त जा. जावं का?

उत्तर : ताई, ऑइल बदलून टक् आवाज जात नाही. तीन आठवडे हातात आहेत, तेवढे पुरेत. पण दोष कुठे आहे हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच कुणाला पाना लावू द्या.

लिव्हरची काळजी सोडा. तो दोष नाही. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर व्हील टाकली की गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारे पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मातीत चाक थोडं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कॉलनीच्या सिमेंट रस्त्यावर घसरायला वावच नसतो, म्हणून सगळी पिळवट गिअरमध्ये अडकते. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, लिव्हर सुटेल. यापुढे फोर व्हील तपासायची ती कच्च्यावरच.

टक् आणि थरथर मात्र मनावर घ्या. थरथर स्टिअरिंगला जाणवली असती तर मी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघा म्हटलं असतं. पायाखाली येतेय आणि जोडीला टक् आहे, म्हणून माझा पहिला संशय मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा तुकडा असतो, तो क्रॉस. त्याच्या चार टोकांवर टोप्या, आणि टोप्यांच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग. ग्रीस संपलं की सुया कोरड्या घासतात, गंजतात आणि टोपीच्या कडेने विटकरी रंगाची पूड बाहेर येते. टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि ती पूड शोधा.

सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. एक हात क्रॉसच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि ओला कपडा पिळतो तसं उलटसुलट फिरवा. क्रॉसमध्ये केसभरही खेळ जाणवला तर तो बदलायचा. दोन्ही बाजू एकत्रच थोड्या फिरून मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीत, ठक् झालं, तर ती दात्यांमधली मोकळीक, थोडी असतेच. शाफ्ट उतरवण्याआधी शाफ्टवर आणि तो जिथे बोल्टने जोडला जातो त्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून घ्यायला सांगा आणि जसा होता तसाच बसवायला लावा. दिशा चुकली तर क्रॉस नवा असूनही थरथर राहते.

आता एक सांगतो, ते मी विसरू शकत नाही. उमेदवारीत होतो. महूहून आलेली मिलिटरी डिस्पोजलची जीप, सकाळी चौघं मांडूला निघणार, आणि आम्ही रात्री अकराला क्रॉस बसवत होतो. टोपी धरून ठेवणारं लॉक खाचेत पूर्ण बसलं नव्हतं. मानपूरच्या पुढे टोपी निसटली, शाफ्टचं टोक रस्त्यावर आपटलं. गाडी हळू होती, कुणाला खरचटलंही नाही. ते लॉक मी बसवलं होतं. तेव्हापासून माझ्या गॅरेजमधून प्रवासाच्या आदल्या रात्री कुठलंही मोठं काम झालेलं नाही. दहा दिवस आधी काम संपवायचं, कारण दुरुस्तीतली चूकही रस्त्यावरच कळते.

खाली गेलाच आहात तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट आणि सेंटर बोल्टही बघा. नंतर पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर भावाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉडचे एंड, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोकं, बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल, किंवा कधीचं हेच माहीत नसेल, तर बदलाच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर तापून उकळतं. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

सगळं झालं की प्रवासाचं पूर्ण सामान भरून, तिघं बसून, सिमरोलवरून चोरलचा घाट उतरून-चढून या. परतल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट झालंय. चाकांचे नट पुन्हा आवळा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी काळा डाग दिसला तर इंजिनचं तेल, हिरवा-गुलाबी पाणीदार असेल तर कूलंट, आणि जाडसर, गंधकासारखा वास येणारा असेल तर गिअरचं तेल.

प्रश्न : जीप नदीतून नेली होती. आता मागच्या डिफरन्शियलमधून ताकासारखं तेल निघतंय. सील फाटलं का? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : आत पाणी गेलंय. सील बघाच, पण त्याआधी हाऊसिंगवरची ब्रीदरची नळी बघा. बहुतेक मातीने बुजली असेल. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. नळीतून हवा मिळाली नाही तर सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. तेल काढा, स्वस्त तेलाने एकदा धुऊन काढा, नवं भरा, आणि थोडं चालवून पुन्हा बघा. नळी लांब करून बॉडीला उंचावर बांधा. पुढच्या वेळी पाण्याच्या काठाला पंधरा-वीस मिनिटं थांबून गाडी निवू द्या, मग आत घाला.