वाचकांचे प्रश्न : यादी आधीच ठरली होती

प्रश्न : मी एका पक्षाचा गेली अकरा वर्षे सभासद आहे. वरच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडण्याकरिता आमचे स्थानिक अधिवेशन नुकतेच झाले. सूचनापत्रात सकाळी अकराची वेळ होती. आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती आणि अध्यक्ष हातातल्या कागदावरून नावे वाचत होते. त्यांनी “सर्वांना मंजूर?” असे विचारले, पुढच्या दोन रांगांतून “मंजूर, मंजूर” असा आवाज आला आणि यादी एकमताने संमत झाल्याचे जाहीर झाले. यादीतले तिघे तर सभेला आलेही नव्हते. आम्ही मतदान मागितले तेव्हा “यादी वरून आली आहे” एवढेच सांगण्यात आले. मग आम्ही सव्वीस जणांनी तेथेच थांबून आमची वेगळी यादी केली. ती मान्य होईल का? की न्यायालयात जावे? – एक जुना सभासद

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटले ते पाच मिनिटांचे वाक्य. “मंजूर” किती जण म्हणाले यावर दोन्ही बाजू वर्षभर भांडू शकतील, कारण आवाज मोजता येत नाही आणि तो इतिवृत्तात नेहमी “एकमताने” असाच उतरतो. सूचनापत्रातील वेळेपूर्वीच कामकाज उरकले ही गोष्ट मात्र कागद आणि घड्याळ यांच्या आधारे दाखवता येते. तेव्हा तक्रारीची सुरुवात तेथून करावी. अध्यक्षांच्या हेतूंविषयीचा मजकूर, कितीही खरा असला तरी, वगळावा.

त्याआधी पक्षाची घटना उघडून एक गोष्ट तपासा. स्थानिक अधिवेशनाने प्रतिनिधी “निवडावेत” असे तीत लिहिले आहे, की वरिष्ठ समितीने “नेमावेत” आणि अधिवेशनाने केवळ अनुमोदन द्यावे असे आहे? दुसरा प्रकार असेल तर आपल्यावर अन्याय झाला तरी नियमभंग झालेला नाही, आणि त्यावर उपाय घटनादुरुस्तीच्या ठरावाचा, जो पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबेल. पहिला प्रकार असेल तर “वरून आली आहे” हे वाक्यच आपल्या बाजूचा पुरावा ठरते. ते कोण, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत म्हणाले, हे आजच लिहून ठेवा.

निवेदनाबाबत एक अनुभवाची सूचना. सव्वीस सह्यांचा एकच कागद देऊ नका. दोघांना बोलावून समजूत काढली आणि त्यांनी सह्या मागे घेतल्या की सगळे निवेदनच संशयास्पद ठरवले जाते. प्रत्येकाने आपण किती वाजता आलो, काय पाहिले आणि काय ऐकले हे स्वतःच्या शब्दांत, अर्ध्या पानात लिहावे. त्यांत किरकोळ फरक पडले तरी बिघडत नाही, उलट निवेदने घोकलेली नाहीत हे दिसते. सोबत सूचनापत्राची प्रत जोडावी, उपस्थिती नोंदवही आणि इतिवृत्त यांच्या प्रतींची लेखी मागणी करावी, आणि हरकतींची मुदत संपण्यापूर्वी हे सर्व देऊन पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर ही मुदत निघून जाते, हे मी अनेकांच्या पत्रांत वाचले आहे.

आता आपली सव्वीस जणांची यादी. सभागृहात पन्नासच मतदार सभासद असतील तर तिला वजन आहे; दीडशे असतील तर ती नाराज गटाची यादी ठरेल, आणि तसे म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. अशा दुहेरी याद्यांचा एक गाजलेला वाद अमेरिकेत १९५२ मध्ये झाला. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आयझेनहॉवर आणि टाफ्ट यांच्यात चुरस होती. टेक्सासमधील पक्षाच्या स्थानिक सभांना आयझेनहॉवर यांचे समर्थक मोठ्या संख्येने आले. ही मंडळी मुळात आपल्या पक्षाची नव्हेतच, असे म्हणत टाफ्ट यांच्या समर्थकांनी ठिकठिकाणी वेगळ्या सभा भरवल्या. राज्य समिती टाफ्ट गटाच्या हाती असल्याने तिने आपल्याच लोकांना मान्यता दिली. जुलैमध्ये शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनात प्रश्न आला तेव्हा आयझेनहॉवर गटाने, कोण खरा प्रतिनिधी हे ठरवण्याआधी, एक साधी मागणी पुढे केली : ज्यांच्या जागेवरच वाद आहे त्यांनी, तो निकाली निघेपर्यंत, इतर वादग्रस्त जागांवरही मत देऊ नये. ती ६५८ विरुद्ध ५४८ मतांनी संमत झाली आणि पारडे फिरले.

आपणही नेमकी हीच मागणी करावी. “आमची यादी मान्य करा” असे म्हटले की हरकती तपासणाऱ्या छाननी समितीला एक बाजू घ्यावी लागते, आणि ती कोणती घेईल हे आपण जाणताच. “यादीतील व्यक्तींनी किंवा ती तयार करणाऱ्यांनी या हरकतीच्या छाननीत बसू नये” या मागणीला नकार देताना मात्र समितीलाही अवघडल्यासारखे होते.

एवढे करूनही न्याय वेळेवर मिळेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक सभांना गेलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांना कुठे दाराला कुलूप दिसले, तर कुठे ठरल्या जागी सभाच नव्हती. त्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी या नावाने आपले ६८ प्रतिनिधी निवडून अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात दावा मांडला. त्यांच्यापैकी एक, फॅनी लू हॅमर, यांची तेथील साक्ष देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. तरीही देऊ केल्या गेल्या त्या फक्त दोन जागा, आणि त्यांनी त्या नाकारल्या. १९६८ मध्ये मात्र राज्याच्या अधिकृत शिष्टमंडळाला बाजूला सारून त्याला आव्हान देणाऱ्या गटालाच जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी पक्षाने नेमलेल्या सुधारणा आयोगाला किमान २० राज्यांत प्रतिनिधी निवडीचे नियमच नाहीत किंवा अपुरे आहेत असे आढळले. सभेची वेळ व जागा आधी जाहीर करणे, नियम लेखी असणे, एकाने दुसऱ्याच्या वतीने मत न देणे, या आज साध्या वाटणाऱ्या अटी त्यातून आल्या.

न्यायालयाचा मार्ग मी शेवटचा मानतो. पक्षांतर्गत निवडीत हात घालायला न्यायालये सहसा नाखूश असतात. भारतात निवडणूक आयोग पक्षांची नोंदणी करतो. परंतु काही मोजके अपवाद सोडता ती रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. जर्मनीत १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने प्रत्येक पक्षाला पक्षांतर्गत वाद सोडवणारे स्वतःचे लवाद न्यायाधिकरण ठेवणे बंधनकारक केले. आपल्या पक्षाच्या घटनेत तशी काही सोय असेल तर आधी तिचाच दरवाजा ठोठवावा, कारण तो न ठोठावता आलेल्याला न्यायालय बहुधा परत पाठवते.

प्रश्न : आमच्या स्थानिक सभेला मी आजारपणामुळे गेलो नव्हतो, तरी प्रतिनिधींच्या यादीत माझे नाव आले आहे. जुने सहकारी आता बोलत नाहीत. मी गुपचूप राजीनामा द्यावा का? – नाव नको

उत्तर : गुपचूप तर मुळीच नको. आपण बाजूला झालात की त्याच यादीतला पर्यायी प्रतिनिधी आपल्या जागी येईल आणि हरकत घेणाऱ्यांच्या हाती काहीच उरणार नाही. आधी दोन ओळी लिहून पोच घ्या : मी सभेला उपस्थित नव्हतो, आणि माझे नाव सुचवण्यापूर्वी माझी संमती कोणी घेतली नव्हती. राजीनामा द्यायचा तर तो त्यानंतर द्या. आणि संमती खरोखर घेतली गेली असेल, फोनवर का होईना, तर दुसरे वाक्य लिहू नका.