'ड्रॅकोनियन' म्हणजे नेमकं काय? नुसतं 'कडक' म्हटलं तर चालत नाही का?

बातम्यांमध्ये 'ड्रॅकोनियन कायदा' असं सारखं वाचायला मिळतं, मग सरळ 'कडक' का म्हणत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. कारण कडक कायदा न्याय्यही असू शकतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना रद्द करणं कडक आहे, पण ड्रॅकोनियन नाही. फी दोन दिवस उशिरा भरली म्हणून विद्यार्थ्याचं अख्खं वर्ष बाद करणारा नियम मात्र ड्रॅकोनियन. चूक आणि शिक्षा यांचा काही मेळच नसेल, तिथेच हे विशेषण शोभतं.

हा शब्द आला ड्रेको या नावावरून. अथेन्समध्ये इ.स.पू. ६२१ च्या सुमारास त्याने कायदे लेखी स्वरूपात आणले. तोवर ते तोंडी होते आणि त्यांचा अर्थ लावणं उमराव घराण्यांच्या हातात होतं. पुढे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय की, ड्रेकोच्या कायद्यात जवळपास प्रत्येक गुन्ह्याला मृत्युदंड होता, अगदी भाजी किंवा फळं चोरणाऱ्यालाही. असं का, यावर ड्रेकोने म्हणे उत्तर दिलं: छोट्या गुन्ह्यांना हीच शिक्षा योग्य आहे आणि मोठ्यांसाठी याहून मोठी शिक्षा मला सापडत नाही. हे कायदे शाईने नव्हे, रक्ताने लिहिलेत, असं डिमेडिस हा वक्ता म्हणायचा.

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोन या अथेन्सच्याच कायदेकर्त्याने ड्रेकोचे खुनाविषयीचे कायदे तेवढे ठेवले, बाकीचे रद्द केले. हे राहिलेले कायदे इ.स.पू. ४०९ च्या सुमारास पुन्हा दगडावर कोरले गेले आणि तो शिलालेख अथेन्समध्ये आजही आहे. त्यात हेतू नसताना माणूस मारला गेला तर शिक्षा हद्दपारीची आहे. मृताचे वडील, भाऊ, मुलगे यांनी एकमताने माफ केलं तर समेट होतो, पण एकाने जरी नकार दिला तरी तो अडतो. इतका बारकाईने विचार करणाऱ्या माणसाचं नाव फक्त क्रौर्यासाठी उरावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वापरताना एवढं बघा: कायदा, नियम, शिक्षा, निर्बंध यांना हे विशेषण लागतं. माणसाला सहसा लावत नाहीत. 'माझा बॉस ड्रॅकोनियन आहे' हे कानाला खटकतं, त्याचे नियम तसे असू शकतात. मराठीत लिहायचं असेल तर नियमांना 'जाचक' किंवा 'जुलमी' म्हणा, शिक्षेला 'अघोरी'.