बाळंतिणीच्या घरी जाताना काय न्यावं?

तुम्ही विचारलंय की जिवलग मैत्रिणीला पहिलं बाळ झालंय, कपडे-खेळणी बाकीचे देतीलच, तर उपयोगी पडेल आणि मनापासून दिलंय हे कळेल असं काय द्यावं. 'उपयोगी' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. या विषयावर आमच्या घरात एक वाद झाला होता. तो अजून मिटलेला नाही, आणि माझीच बाजू बरोबर होती असं मला आजही वाटतं.

थेट सांगते. बाळाला भेट लागत नाही. पहिले काही महिने त्याला दूध, ऊब, कोरडा लंगोट आणि कुणाची तरी मांडी एवढंच हवं असतं. सुरुवातीला तर त्याला साधारण फूटभर अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा. भेट लागते ती आईला. तिला झोप कमी पडते, हात कमी पडतात, आणि दिवसभरात कुणी 'तू कशी आहेस' असं विचारत नाही. येणारा प्रत्येक जण पाळण्यात डोकावतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं सिझेरियन झालं होतं. ती घरी आली तेव्हा मी तिच्याकडे राहायला गेले. हॉलमध्ये भेटवस्तूंचा ढीग लागला होता. बेडरूममधून बाथरूमकडे जाण्याच्या वाटेवर एक मोठं खोकं उभं होतं, त्यात बाळाचा वॉकर. टाके ताजे, वाकायचं नाही, बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग ती काय करायची, तर एक हात पोटावर, एक हात भिंतीला, आणि अंग आडवं करून त्या खोक्याच्या कडेने निघायची. रात्री सुद्धा. ज्या बाळाची मान अजून सावरली नव्हती, त्याच्या वॉकरसाठी त्याच्या आईला स्वतःच्याच घरात वाट उरली नव्हती.

वॉकर आमच्या मावशीने दिला होता. वॉकरबद्दल इथेच बोलून घेते, कारण तुमच्या मैत्रिणीलाही कुणी ना कुणी तो देईलच. बालरोगतज्ज्ञ त्याच्या विरोधात आहेत. त्याने मूल लवकर चालायला लागत नाही, उलट क्षणात जिन्याशी किंवा गरम भांड्याशी पोचतं. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. मी खोकं उचलून माळ्यावर टाकलं, ही माझी पहिली भेट समजा.

दुसरी गोष्ट मला पाण्याच्या बाटलीने शिकवली. बहीण पाजायला बसली की एका हातावर बाळ, दुसरा हात त्याच्या मानेमागे. पाजताना घशाला किती कोरड पडते ते ज्यांनी पाजलंय त्यांना सांगायला नको. बाटली समोरच्या टेबलावर, हात लांब केला तरी चार बोटं कमी पडतील इतक्या अंतरावर. झाकण फिरकीचं, म्हणजे हाताशी आली असती तरी दोन हात लागणार. ती त्या बाटलीकडे नुसती बघत बसायची. हाक मारायची नाही, कारण नवऱ्याचा नुकताच डोळा लागलेला असायचा. त्यालाही सकाळी कामावर जायचं होतं, त्यालाही दोष देण्यात अर्थ नव्हता.

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एकेका वेळी अर्धा तास धरा. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं, आणि तोवर पुढची वेळ आलेली असते. म्हणजे दिवसातले कितीतरी तास ही बाई एकाच जागी अडकलेली असते. त्या जागेचा विचार करून भेट देणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं.

म्हणून मी ती जागा नीट लावली. एका हाताने उघडेल अशी स्ट्रॉची बाटली. फोनच्या चार्जरला लांब वायर. रात्री डोळ्यांवर येणार नाही असा मंद दिवा. पाठीला एक घट्ट उशी. हाताशी एक उघडी टोपली, त्यात धुतलेले मऊ सुती रुमाल, लंगोट, तिच्या फुटलेल्या ओठांसाठी व्हॅसलिन, एका हाताने खाता येईल असा सुका खाऊ. यातलं काहीही चकचकीत कागदात बांधून देण्यासारखं नव्हतं, पण बहिणीने पुढचे कित्येक महिने तो कोपरा मोडू दिला नाही.

आणि रात्री. दोन पाजण्यांच्या मधला वेळ मी माझ्याकडे घेतला. तिने पाजायचं आणि आडवं व्हायचं. ढेकर, लंगोट, थोपटणं, फेऱ्या मारणं माझ्याकडे. पहिल्या रात्री तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "ताई, झोपू का गं मी?" झोपायची परवानगी मागत होती. माझी बहीण लहानपणी शाळेला उशीर झाला तरी उठायची नाही, आणि ती मला विचारत होती की झोपलं तर चालेल का. मला आजही हे लिहिताना त्रास होतो.

एका दुपारी पाहुणे आले, त्यात मावशी. मी मोरीत बाळाच्या लंगोटांची बादली घेऊन बसले होते. मावशी दारात उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सख्खी मावशी ना तू बाळाची? मग अशी हात हलवत कशी आलीस?" मी म्हटलं, काम करायला आलेय. त्यावर तिचं उत्तर, "काम काय, कुणीही करतं. वस्तू राहते. उद्या मूल मोठं झाल्यावर त्याला काय दाखवशील?"

तेव्हा पाहुण्यांसमोर मी गप्प बसले, इथे गप्प बसणार नाही. काम कुणीही करतं हे खरं असतं, तर मी पोचले तेव्हा सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी पडली नसती. आणि वस्तू राहते म्हणजे काय होतं तेही सांगते. मावशीने वॉकरबरोबर एक फ्रॉक दिला होता. गळ्याला जाळी, पाठीवर बारीक हुकांची रांग, तीन महिन्यांच्या आतल्या मापाचा. पाठीवर झोपणाऱ्या बाळाला पाठीवर हुक! बाळाचं वजन पाच-एक महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, त्यामुळे नवजात मापाचे कपडे काही आठवड्यांतच आखूड होतात. तो फ्रॉक लेबलसकट दुसऱ्या घरी गेला.

मावशीचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. तिने हौसेने, वेळ काढून घेतलं होतं सगळं. पण आपण काय दिलं हे चार लोकांना दिसलं पाहिजे, या हिशोबाने घेतलेली भेट बाळंतिणीला ओझं होते, आणि हे तिला तोंडावर सांगण्याची सोय नसते. ती हसून 'छान आहे' म्हणते आणि ठेवायला जागा शोधते.

आता तुमच्या मैत्रिणीचं. "काही लागलं तर सांग" असा मेसेज कृपा करून पाठवू नका. काय लागतं याचा विचार करणं हे आणखी एक काम तुम्ही तिलाच देता, आणि ती 'काही नको' म्हणूनच उत्तर देणार. त्याऐवजी असं लिहा: "उद्या संध्याकाळी सात वाजता तुमचं जेवण पाठवतेय. दाराशी ठेवू की आत येऊ? भांडी परत करायची नाहीत." यात तिला फक्त दोन शब्द टाइप करायचे आहेत. भांडी परत करायची नाहीत हे लक्षात ठेवाच, दुसऱ्याचे डबे घासून, आठवणीने बाजूला ठेवून पोचते करणं हा त्या दिवसांत मोठा जाच असतो.

मित्रमैत्रिणींचा ग्रुप असेल तर प्रत्येकाने वेगळी वस्तू आणण्यापेक्षा वर्गणी काढा आणि महिनाभर घरकामाला, स्वयंपाकाला कुणी येईल याचे पैसे भरा. पैसे देणं म्हणजे मन नसणं, हेही मावशीचंच मत. मला ते मुळीच पटत नाही.

वस्तूच द्यायची असेल तर तिला किंवा तिच्या नवऱ्याला सरळ विचारा, काय दोनदा आलंय आणि काय आलेलंच नाही. कपडे दिलेच तर सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे द्या, आणि तेव्हा ऋतू कोणता असेल ते मोजून घ्या. समोरून उघडणारे, नाड्या न लोंबणारे. बाळाच्या काही अंगरख्यांना खांद्यावर एकावर एक अशी दुमड असते, ती शोभेची नाही. शी पाठीपर्यंत गेली की कपडा डोक्यावरून न काढता खांद्यावरून खाली ओढून काढता येतो. असे दिलेत तर पहाटे तीन वाजता ती तुमचं नाव घेईल. डायपर द्यायचे तर एक माप पुढचे, आणि कोणते चालतात ते विचारून, कारण काहींनी पुरळ उठतं.

पाळण्यात ठेवायच्या उशा, कडेचे गुबगुबीत लोड, मऊ खेळणी यातलं काही देऊ नका. वर्षाच्या आतलं मूल सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवायचं आणि त्याच्याजवळ काहीही सैल, मऊ ठेवायचं नाही, श्वास कोंडण्याचा धोका असतो. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. वासाची तेलं-साबण नकोत. आणि दूध पाजायच्या बाटल्या किंवा पावडरचं दूध न विचारता नेऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि जी आई त्यासाठी जिवाचं रान करतेय तिला तुमच्या बाटलीतून 'तुला जमणार नाही' एवढंच ऐकू येईल. याच्या उलटही खरं आहे. काही कारणाने ती वरचं दूध देत असेल तर तिला पाजण्याची खास उशी नेऊन देऊ नका आणि सल्ला तर देऊच नका.

जवळची मैत्रीण म्हणून तुम्हाला एक भेट देता येते, ती परक्याला जमणार नाही. तिच्यापाशी बसा आणि तिच्याकडे बघा. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात कारण नसताना रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी रडणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा स्वतःला, बाळाला काही करून घेण्याचे विचार, असं दिसलं तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. शेवटचं दिसलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा आणि तिला एकटं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. घरच्यांना ते अनेकदा 'दमली असेल' एवढंच वाटतं.

हे सगळं वाचून लगेच बॅग भरून तिच्याकडे राहायला जाऊ नका. मी सख्खी बहीण होते, आम्ही एका खोलीत वाढलो. काहीजणींना त्या दिवसांत घरात दुसरं माणूसच नको असतं, मग जेवण दाराशी ठेवून परत या आणि वाईट वाटून घेऊ नका. तिची आई किंवा सासूबाई मदतीला असतील तर त्यांना विचारून काम घ्या, त्यांच्या स्वयंपाकघरात परस्पर शिरू नका. आणि काही आयांना खरंच एक सुंदर, बिनकामाची वस्तू हवीशी वाटते, तुमची मैत्रीण तशी असेल तर तुम्हालाच ते जास्त माहीत.

बाळ वेळेआधी झालं असेल किंवा अजून दवाखान्यात असेल, तर बाळासाठी काहीच घेऊ नका. तेव्हा आईबाबांच्या येण्याजाण्याची आणि जेवणाची सोय बघा, बाकीचं बाळ घरी आल्यावर. तुम्हाला साधी सर्दी झाली असेल तरी भेट पुढे ढकला. गेलात तर आधी हात धुवा, बाळाचे पापे घेऊ नका, आणि निघताना कचऱ्याची पिशवी खाली घेऊन जा.