टेपिंग हाताला बसू दे

अगं, अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंग, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळण्याचं शिक्षण, करायचं असेल तर आधी हे बघ: २०२२ नंतर तिथे बॅचलर्सचे नवे प्रवेश बंद झालेत, मास्टर्सच करावं लागतं. आपली इथली वाट म्हणजे बीपीटी, फिजिओथेरपीची पदवी, मग स्पोर्ट्समध्ये एमपीटी, त्यातलीच मास्टर्स. ॲनाटॉमी पहिल्याच वर्षी पक्की कर.

संध्याकाळी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर जाऊन बस, धावणाऱ्यांचे पाय बघ. टेपिंग करताना, म्हणजे आधाराची चिकटपट्टी गुंडाळताना, घोटा ९० अंशांत धर, टेपला एकही सुरकुती नको. माझ्या एका सुरकुतीमुळे एका मुलीच्या टाचेला फोड आला होता, ते अजून मनाला लागतं. टेप झाली की पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोड. गुलाबी रंग लगेच परतला नाही, तर टेप घट्ट झालीय, काढ.

आणि कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला इजा झाल्याची, शंका आली, तर त्या दिवशी खेळाडूला परत मैदानात सोडायचं नाही, कोच कितीही ओरडू दे.