वाचक विचारतात: पडदा तेवढाच, मग माईकचा आवाज वेगळा का?

प्रश्न: नमस्कार. मी चिपळूणला घरीच कथावाचन रेकॉर्ड करतो. माझ्या स्वस्तातल्या कंडेन्सर माईकवर स, श अगदी कानात टोचतात. मित्राचा जुना माईक लावून बघितला तर तेच वाचन मऊ वाटलं. दोन्हीवर 'लार्ज डायफ्राम' लिहिलंय, दोन्हीचा पडदा एक इंचाचा. दुकानदार म्हणतो ३ मायक्रॉनच्या पडद्याचा माईक घ्या, पातळ पडदा म्हणजे भारी आवाज. घेऊ का? आणि पावसाळ्यात माईक मधेच चरचरतो, ते काय असतं?

उत्तर: घेऊ नका, निदान त्या ३ मायक्रॉनसाठी तरी नको (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नेहमीचा ६ मायक्रॉनचा एक इंची मायलरचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, पडदा जेमतेम चार मिलीग्रॅम भरतो, आणि तो हलताना आजूबाजूची जी हवा सोबत ढकलतो तिचंच वजन त्याहून जास्त होतं. म्हणजे पडद्याची जाडी निम्मी केली तरी हलणारं एकूण ओझं काही निम्मं होत नाही, थोडंसं कमी होतं इतकंच. पण बॉक्सवर छापायला आकडा मस्त दिसतो ना.

खरा खेळ पडद्याच्या मागे आहे. तिथे पितळेची जाड चकती असते, बॅकप्लेट, आणि पडदा न् ती यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. पडदा हलला की फट कमीजास्त होते, त्याबरोबर कपॅसिटन्स, म्हणजे दोघांत मिळून चार्ज साठवायची क्षमता, बदलतो आणि तोच आपला सिग्नल. आता तबल्याची पुडी ताणली की सूर चढतो तसा हा पडदाही ताणाप्रमाणे स्वतःचा सूर धरतो, फक्त तबल्यात तो सूर हवा असतो आणि इथे तोच दाबायचा असतो. दाबायचं काम करते फटीतली हवा. पडदा आत आला की ती बाजूला सरकायला बघते, बॅकप्लेटच्या भोकांत घुसते, घर्षण होतं आणि पडद्याची उडी मरते. म्हणून भोकं किती, केवढी, आरपार की अर्ध्यावर थांबलेली, यावर आवाज ठरतो.

त्यातही माईक कुठला यावर सगळं फिरतं. चारी बाजूंनी सारखं ऐकणाऱ्या साध्या ओम्नी कॅप्सूलची (कॅप्सूल म्हणजे पडदा आणि बॅकप्लेट मिळून झालेला भाग) पाठ बंद असते, त्यामुळे तिथे पडदा कडक ताणतात आणि त्याचा सूर पार वरच्या टोकाला नेऊन ठेवतात, खाली सगळं सपाट मिळतं. तुमचा माईक कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं ऐकणारा, याची पाठ उघडी असते. पडद्याला ढकलतो तो पुढच्या-मागच्या दाबातला फरक, आणि हा फरक फ्रीक्वेन्सीबरोबर वाढत जातो, तसाच सोडला तर बेस गायब आणि वरचं सगळं किंचाळणारं. म्हणून पडदा सैल ठेवून त्याचा सूर मधल्या पट्ट्यात आणतात आणि हवेच्या घर्षणाने त्याला घट्ट आवळतात. अशा आवळलेल्या पडद्याची हालचाल फ्रीक्वेन्सी वाढेल तशी कमी होते, वाढता दाब आणि घटती हालचाल एकमेकांना खातात, हिशोब सपाट. एकाच बॅकप्लेटवर दोन पडदे लावून हे साधायची युक्ती ब्राउनमुल आणि वेबर या दोघा जर्मनांनी १९३० च्या दशकात काढली, आजही बहुतेक मोठे स्टुडिओ माईक त्याच वळणाचे. आणि हो, पडदा मधोमध स्क्रूने धरला की फक्त कडेने, यानेही फरक पडतो, कारण मधे धरलेला पडदा मधोमध फुगूच शकत नाही. नॉयमन या माईक कंपनीची के ६७ कॅप्सूल मधे धरलेली, एकेजी कंपनीच्या सी १२ माईकमधली कडेने.

आता तुमचा स. नॉयमनने १९६० मध्ये यू ६७ हा माईक काढला तेव्हा त्यातली के ६७ कॅप्सूल वरच्या फ्रीक्वेन्सी मुद्दाम जास्त उचलणारी होती आणि पुढचं सर्किट तेवढंच खाली आणायचं. बऱ्याच स्वस्त माईकमध्ये त्या कॅप्सूलची नक्कल असते पण सर्किट सरळसोट, खाली आणणारं कुणीच नाही! तुमचा त्यातलाच असावा असा माझा दाट संशय आहे. त्यात एक इंच म्हणजे साधारण १३ किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी, त्या पट्ट्यात समोरून आलेला आवाज पडद्यावर अजून फुगतो आणि तिरका आलेला कमी होतो. तेव्हा नवा माईक घेण्याआधी हाच पंधरा-वीस अंश वळवून, तोंडापासून वीतभर लांब ठेवून वाचून बघा, फुकटात बराच फरक पडेल. उरलं तर ईक्यूमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी कमीजास्त करायच्या सोयीत, ८ ते १२ किलोहर्ट्झ थोडं उतरवा.

चरचर म्हणजे दमट हवा. कॅप्सूलवरचा चार्ज टिकवायला गिगाओहममधला, म्हणजे अब्जावधी ओहमचा, रेझिस्टन्स लागतो, ओल आणि धूळ जमली की तो चार्ज वाट मिळेल तिथून गळतो आणि चटचट ऐकू येतं. कोकणात जून ते सप्टेंबर माईक स्टँडवर उघडा ठेवूच नका, काम झालं की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. उन्हात वाळवू नका, पडद्यावर फुंकरही मारू नका, थुंकीचे कण सोन्याच्या मुलाम्यावर बसतात आणि ते साफ करायच्या नादात मुलामाच निघतो. पॉप फिल्टर, म्हणजे तोंड आणि माईक यांच्यामधली जाळी, मात्र बाराही महिने लावा.