म्हात्रे पुलाचे म्हात्रे कोण?

प्रश्न : डीपी रोडला लग्नाला जाताना दर वेळी म्हात्रे पूल लागतो आणि मुलगा विचारतो, हे म्हात्रे कोण, नगरसेवक होते का? कोणी सांगितलं की काश्मीरशी काहीतरी संबंध आहे, त्यांच्या खुनाचा बदला म्हणून मकबूल भट या काश्मिरी फुटीरतावादी नेत्याला फाशी दिली. खरं आहे का हे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नगरसेवक अजिबात नाही हो. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीत असिस्टंट कमिशनर होते, वय ४८. राजदूत वगैरे नाही, मधल्या फळीतला अधिकारी, सोबत बॉडीगार्ड नाही, ऑफिसातून घरी बसने जाणारा माणूस, आणि माझ्या मते म्हणूनच तो सापडला. ३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार संध्याकाळ, मुलीचा वाढदिवस होता म्हणून हातात केक, बार्टली ग्रीनला बसमधून उतरले आणि तिथूनच त्यांना उचललं. काश्मीर लिबरेशन आर्मी अशा नावाने मागणी आली, दहा लाख पौंड द्या आणि तिहारमधल्या मकबूल भटला सोडा. बर्मिंगहॅमच का, तर भटची जेकेएलएफ (जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट) संघटना १९७७ मध्ये निघालीच मुळी त्या शहरात, पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरकडची पुष्कळ मंडळी तिथे स्थायिक झालेली. मुदत एवढी कमी दिली होती की दिल्लीला मनात असतं तरी काही करता आलं नसतं. तीन दिवसांच्या आत लेस्टरशायरमध्ये रस्त्याकडेला गोळ्या घातलेला मृतदेहच मिळाला.

आता फाशीचं. भटला मृत्युदंड झालेला १९६८ सालचा, एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल, मग तो तुरुंग फोडून पळाला, १९७६ ला परत पकडला आणि दयेचा अर्ज पडून होता. म्हणजे शिक्षा म्हात्रेंमुळे झाली नाही. पण इतकी वर्षं रखडलेली फाईल खुनानंतर आठवड्याभरात हलते, राष्ट्रपती झैलसिंग अर्ज फेटाळतात आणि ११ फेब्रुवारीला फाशी होते, याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मृतदेहही घरच्यांना दिला नाही, तिहारमध्येच पुरला. ज्यांना त्याला सोडवायचं होतं त्यांनीच त्याचा दोर आवळला असं म्हटलं तर चुकणार नाही. आणि हे तिथेही थांबलं नाही, १९६८ ला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना १९८९ मध्ये श्रीनगरला गोळ्या घातल्या. म्हात्रे प्रकरणात ब्रिटनमध्ये दोघांना जन्मठेप झाली.

प्रश्न : पण परदेशी अधिकाऱ्याला संरक्षण द्यायची जबाबदारी त्या देशाची असते ना?
– वाचक, ठाणे

उत्तर : असते की. मुत्सद्द्यांना संरक्षण देण्याबद्दलचा १९६१ चा व्हिएन्ना करार आहे, १९७३ ला संयुक्त राष्ट्रांनी मुत्सद्द्यांवरच्या हल्ल्यांसाठी वेगळा करारही केला. पण प्रत्येक उपअधिकाऱ्यामागे पोलीस कुठून आणणार? ब्रिटनला नावं ठेवायच्या आधी आपल्याकडचं बघा, त्याच १९८४ च्या नोव्हेंबरात, २७ तारखेला, ब्रिटनचे डेप्युटी हाय कमिशनर पर्सी नॉरिस यांना भर मुंबईत गाडीतून ऑफिसला जाताना गोळ्या घालून मारलं, बदली होऊन आल्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. त्या खुनामागे पॅलेस्टिनी अबू निदालच्या टोळीचा हात मानला जातो, भारताशी त्यांचं भांडण काहीच नव्हतं.