वाचकांचे प्रश्न : कार्यालयाच्या आवारातलं पाणी, दिवे आणि झाडं

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या कार्यालयात 600 माणसं आहेत, आठवडा पाच दिवसांचा. समोर 2,000 चौरस मीटर लॉन करायचं ठरतंय. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी आहेच, मग लॉन करायला काय हरकत?

आधी हिशेब मांडा. कार्यालयात माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरतात, म्हणजे 27,000 लिटर. त्यातलं एसटीपीतून परत हाती येतं साधारण 20,000. फ्लशला माणशी 20 लिटर, म्हणजे 12,000 गेले की बागेसाठी उरतात 8,000. एप्रिल-मेमध्ये पुण्याकडे लॉन चौरस मीटरमागे रोज 5 लिटर तरी पितं. तुमचं लॉन 10,000 पिणार. त्यातून शनिवार-रविवारी इमारत रिकामी. एसटीपीत पाणी येतच नाही, गवत मात्र तहानलेलंच असतं. मग टँकर सुरू होतो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं.

आमचं मत स्पष्ट आहे : लॉन 500 चौरस मीटरच ठेवा, तेही लोक खरोखर बसतात तिथे. उरलेल्या 1,500 मध्ये अडुळसा, निर्गुडी, तगर, कुंती लावा. ही झुडपं रुजल्यावर ठिबकने चौरस मीटरमागे 2 लिटरांत भागतं. रोजची गरज 5,500 लिटरवर येते. कामाच्या पाच दिवसांत रोज 2,500 शिल्लक राहतात. ते साठवायला किमान 12,000 लिटरची वेगळी टाकी घ्या, शनिवार-रविवार निघून जातो. साठलेल्या पाण्याला वास येतो, म्हणून टाकीत हवा सोडायची सोय आणि थोडं क्लोरीन हवंच.

ठिबकला वाळूची गाळणी आणि तिच्यापुढे 130 मायक्रॉनची डिस्क गाळणी बसवा. नुसत्या जाळीवर भागवलं की शेवाळ आणि चिकट थराने ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) बुजतात. नळ्यांची टोकं दर पंधरवड्याला उघडून पाणी वाहू द्या. फवारे टाळा, या पाण्याचे तुषार माणसांच्या अंगावर उडू नयेत.

प्रश्न : जमिनीत बसवलेले दिवे आयपी 67 (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असूनही पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि सगळ्या आवाराची वीज ट्रिप होते. दोष दिव्याचा का?

बहुतेक वेळा बसवण्याचा. आयपी 67 ची चाचणी 1 मीटर पाण्यात 30 मिनिटांची असते. आठवडाभर पाण्यात बुडून राहण्याची ती हमी नव्हे. तापलेल्या दिव्यावर पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि केबलच्या तारांमधून ओल आत ओढली जाते. म्हणून जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्येच करा. नुसती टेप चालणार नाही. दिव्याखाली 300 मिलिमीटर खडी हवी. काळ्या मातीत तेवढ्यानेही भागत नाही, खड्डाच पाण्याने भरून राहतो. त्याच्या तळातून पाइप काढून पावसाळी गटाराला जोडा.

वीज ट्रिप होण्याचं कारण बहुधा एकाच सर्किटवर सगळे दिवे असणं. चार-पाच सर्किटं करा, प्रत्येकाला 30 मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीबीओ (विजेची गळती झाली की तेवढंच सर्किट तोडणारा स्विच) द्या. मग एक दिवा बिघडला तरी बाकीची वाट उजळ राहते. वळवाच्या विजांसाठी फीडरवर (दिव्यांना वीज पुरवणाऱ्या मुख्य केबलवर) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारं उपकरण, बसवा. तो नसला की ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे भाग) जळतात आणि बोल एलईडीला लागतो.

जमल्यास झाडांवर खालून मारलेले दिवे काढूनच टाका. पाखरांची झोप उडते आणि अर्धा उजेड आभाळात जातो. वाटेला 5 ते 10 लक्स (उजेड मोजायचं एकक), पार्किंगला 10 ते 20 लक्स पुरतात. दिवा 3,000 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून उबदार आणि वरून झाकलेला असावा. रात्री 10 नंतर 30 टक्क्यांवर आणा. सुरक्षारक्षक तक्रार करतील, पण झगझगीत दिव्याशेजारच्या काळ्या सावलीत कॅमेऱ्याला काही दिसत नाही; मंद पण सारखा पसरलेला उजेड त्याला जास्त उपयोगी.

प्रश्न : पश्चिमेच्या काचांमुळे दुपारी पडदे ओढून दिवे लावावे लागतात. बहावा लावू का?

तिथे नको. ऐन उन्हाळ्यात फुलताना बहाव्याची पानं जवळजवळ गळालेली असतात, म्हणजे सावली हवी तेव्हाच नसते. तो प्रवेशद्वारापाशी लावा. पश्चिमेला करंज घ्या. त्याची नवी पालवी उन्हाळ्यातच दाट होते. भिंतीपासून 5-6 मीटर अंतर, 1 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा. जवळपास दिव्याचे खांब येणार असतील तर 4 मीटरपेक्षा उंच नकोत, नाहीतर काही वर्षांत दिवा फांद्यांच्या वर आणि वाट अंधारात.